रुग्णालयातील आहारोपचाराचा परिणाम नेमका कशाने मोजावा?

पथ्यपाणी (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, धर्मादाय संस्थेच्या रुग्णालयात मी सहा वर्षांपासून आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ११० खाटा आणि आहारतज्ज्ञ मी एकटी. सकाळी राउंडच्या पाठोपाठ फिरायचे, कोणाला मधुमेहाचे पथ्य, कोणाला कमी मिठाचे, कोणाला राईल्स ट्यूबमधून (नाकावाटे पोटात घातलेल्या नळीतून) द्यायचे पातळ अन्न हे केसपेपरवर लिहायचे आणि दहाच्या आत स्वयंपाकघरात आकडा कळवायचा, यातच माझा बहुतेक दिवस संपतो.

मेडिसिन आणि अस्थिरोग या दोन वॉर्डांतील अशक्त रुग्णांना रोज एक उकडलेले अंडे किंवा पेलाभर दूध जादा मिळावे आणि माझ्या हाताखाली एक मदतनीस असावी, अशी मागणी मी अलीकडेच केली. आमचे वैद्यकीय अधीक्षक मनाने चांगले आहेत. त्यांनी नाही म्हटले नाही. "आहाराने रुग्णाच्या प्रकृतीत फरक पडतो याचा पुरावा आणा, मी विषय विश्वस्तांपुढे ठेवतो," असे ते म्हणाले. त्यानुसार दाखल होताना आणि घरी जाताना सत्तरएक रुग्णांचे रक्तातील अल्ब्युमिन (यकृतात बनणारे एक प्रथिन) तपासायचे आणि जादा आहार मिळालेल्या रुग्णांत ते किती वाढते हे दाखवायचे, असा आराखडा मी केला आहे.

आराखडा हातात असतानाच एक गोष्ट घडली आणि माझा मलाच प्रश्न पडला. मांडीचे हाड मोडून आलेल्या बहात्तर वर्षांच्या एक आजी, वजन ४१ किलो. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या केसपेपरवर 'हाय प्रोटीन' असे लिहिले होते. चौथ्या दिवशी दुपारी तीनला सहज डोकावले, तर खाटेखाली झाकून ठेवलेले ताट दिसले. चपात्या वाळून कडक झालेल्या, वरणावर साय धरलेली आणि भात एका बाजूने चमचाभर उकरलेला. विचारल्यावर कळले की त्यांची कवळी घरीच राहिली होती. म्हणजे चार दिवस कागदावर त्यांना भरपूर प्रथिने मिळत होती आणि प्रत्यक्षात त्या चहावर होत्या.

तेव्हा माझे विचारणे असे की, अल्ब्युमिन मोजण्याचा माझा बेत बरोबर आहे का? आणि रुग्णालयातील आहारतज्ज्ञाच्या कामाने रुग्णाचे खरोखर भले होते, असे दाखवणारे भक्कम संशोधन आहे का?

स्टेथो (सोमवार, रात्री ११:१५)

पथ्यपाणीताई, मी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवतो. आधी अल्ब्युमिनचे सांगतो, कारण तो खर्च तुम्ही उद्याच थांबवावा असे मला वाटते. या प्रथिनाचे रक्तातील अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे २० दिवसांचे आहे आणि तुमचा रुग्ण सहासात दिवसांत घरी जातो. त्यातच अंगात जंतुसंसर्ग, जखम किंवा शस्त्रक्रियेचा दाह असला की यकृत अल्ब्युमिनचे काम मागे टाकून सीआरपीसारखी दाहात वाढणारी प्रथिने बनवू लागते, आणि आहे ते अल्ब्युमिनही केशवाहिन्यांतून बाहेर झिरपते. म्हणून न्यूमोनियाच्या रुग्णाचे अल्ब्युमिन उतरते ते जेवण कमी पडल्यामुळे नव्हे, आणि ताप गेल्यावर ते चढते तेही तुमच्या अंड्यामुळे नव्हे. उलट, मानसिक आजारामुळे खाणे सोडून हाडांचा सापळा झालेल्या तरुण मुलींचे अल्ब्युमिन पुष्कळदा नॉर्मल सापडते. रुग्णांच्या पोषणावर काम करणाऱ्या अमेरिकेतील ॲस्पेन या संस्थेने तर अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन हे पोषणाचे मापक म्हणून वापरू नयेत, अशी लेखी भूमिका घेतली आहे. आमच्या पिढीला मात्र अल्ब्युमिन हेच मापक म्हणून शिकवले गेले, त्यामुळे अधीक्षकांना सांगताना थोडे सांभाळून सांगा.

आता पुराव्याचे. तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर स्वित्झर्लंडमधील 'एफर्ट' या चाचणीत आहे. ती २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. आठ रुग्णालयांतील २,०८८ मेडिसिनचे रुग्ण, सर्व कुपोषणाचा धोका असलेले, म्हणजे एनआरएस २००२ या चाळणीत ३ किंवा अधिक गुण मिळालेले. निम्म्या रुग्णांना नेहमीचे रुग्णालयीन जेवण मिळाले. उरलेल्यांसाठी आहारतज्ज्ञाने प्रत्येकाचे ऊर्जेचे आणि प्रथिनांचे उद्दिष्ट ठरवले, त्याच्या आवडीनिवडीप्रमाणे जेवण बदलले, मधल्या वेळचे खाणे आणि पूरक पेये जोडली, आणि पाच दिवसांत तोंडावाटे उद्दिष्टाच्या ७५ टक्के जात नसेल तर नळीने किंवा शिरेवाटे पोषण देण्याचा विचार झाला. तीस दिवसांत मृत्यू, अतिदक्षता विभागात हलवावे लागणे, अचानक पुन्हा दाखल व्हावे लागणे, मोठी गुंतागुंत किंवा दैनंदिन कामांची क्षमता घटणे यांपैकी काही ना काही घडलेले रुग्ण नेहमीच्या गटात २७ टक्के होते, तर आहारोपचाराच्या गटात २३ टक्के. मृत्यू पाहिले तर १० टक्के आणि ७ टक्के. आहार ही गोष्ट आपण उपचारांत धरतच नाही. पण एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक दाखवला असता तर त्याची जाहिरात प्रत्येक परिषदेच्या मांडवात दिसली असती.

या संशोधनाच्या मर्यादाही तुमच्या टिपणात याव्यात, नाहीतर विश्वस्तांपैकी एखादा वाचणारा निघाला तर पंचाईत होईल. ज्यांचे सीआरपी १०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर होते, त्यांच्यात मृत्यू कमी झाल्याचे नंतरच्या विश्लेषणात दिसले नाही. तीव्र दाहात शरीर अन्न घेते, पण ते कामी लावू शकत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. तसेच रुग्ण घरी गेले, आहारोपचार थांबला आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांतला फरक पुसला गेला.

शिवाय सर्वांना सरसकट जादा देऊन भागत नाही. पक्षाघाताच्या ४,०२३ रुग्णांवर झालेल्या 'फूड' चाचणीत (२००५) बहुतेक रुग्ण मुळात कुपोषित नव्हते, आणि सगळ्यांना पूरक पेय देऊन काही विशेष हाती लागले नाही. अतिदक्षता विभागाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. बेल्जियममध्ये ४,६४० रुग्णांवर झालेल्या 'एपॅनिक' चाचणीत (२०११) शिरेवाटे पोषण लवकर सुरू करण्यापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबलेल्यांना संसर्ग कमी झाले आणि ते लवकर बरे झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हेंटिलेटरवरील रुग्णांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे २.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिने देऊनही लाभ झाला नाही, आणि मूत्रपिंडाला इजा झालेल्यांना त्याने अपायच झाल्याची चिन्हे दिसली. तेव्हा तुमची मागणी 'सर्वांना अंडे' अशी नसावी. 'चाळणीत सापडलेल्या रुग्णाला त्याच्या गरजेइतके, आणि ते पोटात गेले की नाही याची रोजची नोंद' अशी ती असावी.

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ७:०५)

मी इन्चार्ज सिस्टर आहे, एकोणीस वर्षे वॉर्डात काढली. स्टेथो सरांनी लिहिलेले सर्व मान्य आहे, पण 'पोटात गेले की नाही याची नोंद' हे वाक्य लिहायला जितके सोपे तितके करायला नाही, म्हणून चार ओळी लिहिते.

रिकाम्या ताटावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे रुग्णासोबत राहणारा नातेवाईक बहुधा गावाकडून आलेला असतो आणि बाहेर जेवणे त्याला परवडत नाही. रुग्णाला जात नाही म्हटल्यावर ते ताट तोच संपवतो, आणि त्यात गैर काहीच नाही. मावशी ताटे उचलताना म्हणतात, "बारा नंबरने सगळं खाल्लं," आणि तीच नोंद होते. याच्या उलटही घडते. ताट जसेच्या तसे परत जाते, पण घरच्या डब्यातील भाकरी आणि मुगाची आमटी रुग्णाने पोटभर खाल्लेली असते. ताट चतुर्थांशांत मोजायचे असेल, म्हणजे पाव, अर्धे, पाऊण, पूर्ण असे, तर शेजारी बसून 'हे कोणी खाल्ले' हे विचारलेच पाहिजे, आणि तेही नातेवाइकाला अपराधी वाटू न देता.

दुसरे म्हणजे सलाइन. बाटली लटकत असली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आता ताकद मिळते आहे, जेवले नाही तरी चालेल. मी त्यांना हिशोब सांगते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण ८५ किलोकॅलरी, जेमतेम एका चपातीइतकी. नॉर्मल सलाइनमध्ये तर मीठ आणि पाणी, बाकी शून्य. हे ऐकून लोक अगदी खट्टू होतात, आणि खरे सांगायचे तर आमचे काही निवासी डॉक्टरसुद्धा.

तिसरे, उपाशी ठेवणे. शस्त्रक्रियांच्या यादीतील सर्वांना रात्री बारापासून तोंडाला काही लावू द्यायचे नाही, ही आमच्याकडची पद्धत. यादीतील चौथ्या रुग्णाचा नंबर दुपारी दोनला येतो. मध्येच तातडीचे सिझेरियन आले की तो उद्यावर जातो, आणि हे त्याला साडेतीनला कळते, तेव्हा स्वयंपाकघर बंद झालेले असते. मग चहा आणि दोन बिस्किटे, आणि रात्री बारापासून पुन्हा उपवास. एका आजोबांचे असे सलग तीन दिवस झालेले मी पाहिले आहे. भूलशास्त्राच्या आताच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नियोजित शस्त्रक्रियेआधी हलके अन्न सहा तास आणि पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. ज्यांचे पोट उशिरा रिकामे होते अशा रुग्णांचा निर्णय अर्थात भूलतज्ज्ञांचा. पथ्यपाणी, तुमच्या अंड्याला पैसे लागतील, पण यादीच्या वेळा बदलायला एक पैसाही लागणार नाही.

एक अडचण मलाही विचारायची आहे. ट्रॅक्शनवर, म्हणजे पायाला वजन लावून खाटेवरच ठेवलेल्या रुग्णाचे वजन आणि उंची घ्यायची कशी? आमच्या केसपेपरवर त्या जागी बहुधा अंदाजे '५०' असे लिहिलेले असते.

सरासरी (मंगळवार, दुपारी १:३०)

मी वैद्यकातला नाही, संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळे फक्त आराखड्याविषयी लिहितो.

एफर्टमधील २७ आणि २३ टक्के हे आकडे तुमच्या वॉर्डात आणून पाहा. समजा, दोन्ही गटांत सत्तर-सत्तर रुग्ण घेतले आणि आहारोपचाराचा परिणाम अगदी स्वित्झर्लंडइतकाच झाला, तर एका गटात सुमारे १९ आणि दुसऱ्यात १६ रुग्णांची प्रकृती बिघडेल. तीन रुग्णांचा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो, आणि उलट्या दिशेनेही पडू शकतो. तो फरक खात्रीने दिसावा म्हणूनच त्यांना दोन हजारांवर रुग्ण घ्यावे लागले. मृत्यू किंवा गुंतागुंत हे मोजमाप तुम्ही धरलेत तर आहाराचा काही उपयोग नाही असा चुकीचाच निष्कर्ष तुमच्या हाती येण्याचा संभव मोठा आहे, आणि तो कागद विश्वस्तांच्या फायलीत कायमचा राहील.

'आधी आणि नंतर' अशा तुलनेतही एक फसगत आहे. पावसाळ्यातील डेंग्यू आणि लेप्टोचे रुग्ण आणि हिवाळ्यातील दम्याचे रुग्ण सारखे नसतात; तुम्ही जुलैमध्ये मोजणी आणि डिसेंबरमध्ये अंडे सुरू केले, तर श्रेय हवामानाचेही असू शकते. तसेच 'ज्यांनी कमी खाल्ले ते जास्त दगावले' असे तुमच्या नोंदींत दिसले, तरी त्यावरून कारण सिद्ध होत नाही, कारण जो जास्त आजारी तोच कमी खातो. युरोपातून २००६ मध्ये सुरू झालेल्या 'न्यूट्रिशनडे' या एकदिवसीय पाहणीत २५ देशांतील सोळा हजारांहून अधिक रुग्णांत कमी खाणे आणि मृत्यू यांचा असाच संबंध दिसला होता, तरीही एफर्टसारखी चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी लागलीच.

तुम्हाला दुसऱ्यांदा आहाराचा उपयोग सिद्ध करायचा नाही. उपयोगी ठरलेली पद्धत आपल्या रुग्णालयात राबवता येते का आणि तिने अन्न खरोखर पोटात जाते का, एवढेच दाखवायचे आहे. म्हणून प्रमुख मोजमाप असे ठेवा की, धोका असलेल्या रुग्णांपैकी पाचव्या दिवशी प्रथिनांच्या उद्दिष्टाचा पाऊण भाग गाठलेले किती. एफर्टमध्ये आहारोपचाराच्या गटातील ७६ टक्के रुग्णांनी प्रथिनांचे उद्दिष्ट गाठले होते. तुमच्याकडे तो आकडा आज वीस असेल आणि उद्या पन्नास झाला, तर तो फरक सत्तर रुग्णांतही स्पष्ट दिसेल.

नीतिमत्ता समितीची परवानगी मात्र आधी घ्या. धोका आहे असे कळलेल्या रुग्णाला तुलनेसाठी मुद्दाम कमी जेवण देणे कोणतीही समिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. चिठ्ठ्या टाकून गट पाडणार असाल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदणी करावी लागते.

स्टेथो (मंगळवार, रात्री १०:२०)

रात्रपाळी सिस्टर, तुमचा मजकूर वाचून अलाबामाचे डॉ. चार्ल्स बटरवर्थ आठवले. रुग्णालयातच रुग्ण कुपोषित होतात हे त्यांनी १९७४ मध्ये उघडपणे लिहिले, तेव्हा दाखवलेल्या चुकांत या होत्या : उंची आणि वजन न नोंदणे, ग्लुकोज-सलाइनवर दिवसेंदिवस ठेवणे, रुग्ण किती खातो याकडे लक्ष नसणे, तपासण्यांसाठी जेवण चुकवणे. पन्नास वर्षे उलटली. तुमच्या मजकुरात यांतली एक तरी चूक यायची राहिली आहे का?

खाटेवरील रुग्णासाठी टेप पुरेशी आहे. कोपरापासून मनगटाच्या हाडापर्यंतची लांबी घेऊन तक्त्यावरून उंचीचा अंदाज काढता येतो. वजन घेता येत नसेल तर दंडाच्या मध्याचा घेर मोजा, तो २३.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २० च्या खाली असण्याची शक्यता मोठी, असे ब्रिटनमधील 'मस्ट' ही चाळणी सांगते. तिचे ठरावीक टप्पे आपल्या बांध्याला कितपत लागू पडतात यावर वाद घालता येईल, पण डोळ्यांनी ठरवलेल्या '५०'पेक्षा ते बरेच.

पथ्यपाणी (शनिवार, रात्री ९:१०)

सर्वांचे मनापासून आभार. अल्ब्युमिनचा कागद मी फाडून टाकला. चार दिवस अस्थिरोग वॉर्डात चतुर्थांशाचे कार्ड स्वतः भरले, शेजारी बसून, विचारून. कवळीवाल्या आजींचा हिशोब देते. किलोमागे १.२ ग्रॅम धरले तर त्यांना रोज सुमारे ४९ ग्रॅम प्रथिने हवीत. आमच्या ताटांत दिवसभरात चाळीसच्या आसपास होती आणि पोटात पंधरासुद्धा जात नव्हती. नातवाने कवळी आणून दिली, तोवर मी चपातीऐवजी दुधात कुस्करलेली चपाती आणि दोन्ही वेळा मऊ मुगाची खिचडी सुरू केली होती. अंडे त्या खात नाहीत, म्हणून चार वाजता दूध पावडर घालून घट्ट केलेले दूध. आता पस्तीसच्या वर पोहोचलो आहोत. अधीक्षकांनी कार्ड पाहिले आणि तापाच्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला छापून घ्यायला सांगितले. मदतनिसाबद्दल अजून काही बोलले नाहीत.

एक शंका उरली आहे. मेडिसिन वॉर्डात दारूच्या व्यसनाचे एक रुग्ण आले आहेत, दहाबारा दिवस पोटात जवळजवळ काही नाही, अगदी काडी झालेले. सर्वांत गरजू तेच, म्हणून सोमवारपासून त्यांना पूर्ण उद्दिष्टाइतके सुरू करावे असे ठरवते आहे.

स्टेथो (शनिवार, रात्री ९:३५)

पूर्ण उद्दिष्ट सोमवारी अजिबात नको. हे आजच सिस्टरांना आणि निवासी डॉक्टरांना फोन करून सांगा. दीर्घ उपासानंतर एकदम पिष्टमय अन्न मिळाले की इन्सुलिन वाढते, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि रक्तातील त्यांची पातळी कोसळते. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, श्वासाचे स्नायू थकतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दहा दिवसांहून अधिक उपास ही एकच गोष्ट ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या निकषांत मोठा धोका ठरवायला पुरते, आणि दारूचे व्यसन हे त्यात वर. अन्न सुरू करण्याआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) द्यायचे, डेक्स्ट्रोजची बाटली लावायची असली तरीही आधी थायमिनच. मग किलोमागे रोज १० किलोकॅलरीपेक्षा जास्त नाही अशी सुरुवात, अगदी खंगलेल्यांत ५, आणि रोज रक्त तपासत चारपासून सात दिवसांत हळूहळू वर. तुमच्या प्रयोगशाळेत फॉस्फेट होत नसेल तर नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवा. हा रुग्ण तुमच्या पाचव्या दिवसाच्या मोजणीत धरू नका. त्याचे उद्दिष्टच निराळे आहे.

पथ्यपाणी (शनिवार, रात्री १०:००)

फोन केला. दुपारीच डेक्स्ट्रोज लावले होते, थायमिन नव्हते. आता दिले आहे, उद्या सकाळी रक्त पाठवणार.

रात्रपाळी (रविवार, सकाळी ६:५०)

बरे झाले विचारलेत. कार्ड छापायला जाण्यापूर्वी त्यावर दोन रकाने वाढवून घ्या : 'कवळी आणली आहे का' आणि 'कोण भरवते'. दुसरा रकाना रात्रीच्या जेवणाला वेगळा ठेवा, कारण दुपारी सून असते आणि रात्री बहुधा कोणीच नसते.